हौदाच्या डाव्या हाताने

मला चालायचा कंटाळा नाही, पण कागद वाचत चालायचं म्हटलं की डोक्यात तिडीक जाते. वाट ही विचारायची असते. रस्त्यावर चार माणसं असतात, त्यांना तोंडं दिलेली असतात. पण नाही. त्या दिवशी आमच्या धाकटीनं आम्हा चौघांना जुन्या वेशीपाशी उभं केलं, प्रत्येकाच्या हातात एकेक कागद दिला आणि हुकूम सोडला, "कुणालाही काही विचारायचं नाही. मलासुद्धा नाही. मी दहा पावलं मागून येणार आणि एक शब्द बोलणार नाही."

"एक शब्द नाही? तू?" थोरला म्हणाला.

"दादा, आज नको ना."

तिचा आवाज ऐकून मी थोरल्याला कोपर मारलं. पोरीच्या डोळ्याला रात्रभर डोळा लागला नव्हता. शहराच्या पर्यटन कचेरीत तिला कच्च्या नेमणुकीवर घेतलं त्याला सोमवारी सहा महिने भरत होते. त्याआधीच्या दोन नोकऱ्या गेल्या होत्या. एक कंपनी बुडाली म्हणून, आणि एक हिच्या जिभेमुळे, जी तिनं माझ्याकडून घेतली असं आमचे हे म्हणतात. आता हातात होतं ते तिचं पहिलं पुरं काम. टेकडीवरच्या जुन्या वस्तीत वाटाड्या न घेता आपलं आपण फिरायचं, त्यासाठीचा हा कागद. चौदा थांबे, प्रत्येकाची माहिती, आणि एका थांब्यावरून दुसऱ्यावर कसं जायचं ते. पाच हजार प्रती निघायच्या होत्या. दुपारी चारच्या आत छापखान्याला होकार कळवायचा होता. तिच्या मॅडमनी बजावलं होतं, "वर कधीच न गेलेल्या माणसांकडून आधी चालवून बघ. एकदा छापलं की छापलं. वाट चुकली तर सोमवारी मला तुझ्यासाठी काही करता येणार नाही."

वर कधीच न गेलेली माणसं म्हणजे आम्ही. टेकडीच्या पायथ्याशी जन्म गेला, दुकानाच्या दारातून वरचा मनोरा रोज दिसतो, पण चढून गेलंय कोण? दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

आमचं शिवणकामाचं दुकान आहे. माझ्या वडिलांचं होतं, आता माझं. मापं मी घेते, कापड थोरला कापतो, काज-बटणं आणि इस्त्री हे बघतात. धाकटी तर कापायच्या टेबलाखालीच वाढली, चिंध्यांत. फक्त सूनबाई दुकानातली नाही. ती मोठ्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. घरी येऊन तिला दोन वर्षं झाली. मुलगी वाईट नाही, पण वेंधळी. मीठ आण म्हटलं तर साखरेचा खण उघडणार, उजव्या फडताळातली चादर आण म्हटलं तर डाव्यात डोकं घालून उभी राहणार. मी गिऱ्हाइकांसमोरही हसून सांगायचे, आमच्या सूनबाईला बोट दाखवलं की ती बरोबर उलटी जाते. गिऱ्हाइकं हसायची. तीही हसायची, निदान मला तसं वाटायचं.

तर आम्ही निघालो. पहिला थांबा ती वेस, दुसरा चौकीदाराची खोली. कागदावर नकाशाचं चित्रही होतं, पण तिथल्या गल्ल्या इतक्या बारीक की त्यापेक्षा गुंता झालेला दोरा बरा. धाकटीनं वरच लिहिलं होतं की चित्र अंदाजापुरतं आहे, वाट मजकुरावरून चालावी. आणि मजकूर काय सुरेख होता! घरांविषयी असं लिहिलेलं की घरं नाहीत, माणसंच उभी आहेत. या घराचा खांदा उतरलाय, त्या घरानं कमरेवर हात ठेवलाय. मॅडमना हेच आवडलं होतं म्हणे. मला अभिमानानं भरून आलं होतं आणि तोच घोरही होता. पर्समध्ये माझी टेप असते. ती मी बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते. मन थाऱ्यावर नसलं की माझी बोटं हेच करतात.

तिसरा थांबा म्हणजे दगडी हौद. मागे भिंत, पुढे सिंहाच्या तोंडाची तोटी, दोन्ही बाजूंनी वर जाणाऱ्या पायऱ्या. थोरल्यानं मोठ्यानं वाचलं, "हौदाच्या डाव्या हाताने चढा, निळ्या दारापर्यंत."

हे, थोरला आणि मी चढायला लागलो. चार पायऱ्यांवर मागे बघते तर सूनबाई दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांवर.

"अगं ए! तिकडे कुठे?"

ती थांबली. कागदाकडे बघितलं, हौदाकडे बघितलं. "आई, डाव्या हाताने लिहिलंय."

"मग डाव्या हाताने ये ना! आम्ही काय उजव्यानं चाललोय?"

थोरला खो खो हसला. हे सुद्धा हसले, जे सहसा हसत नाहीत. धाकटी मागून काही बोलणार होती, पण तिचा तिलाच नियम आठवला. सूनबाई म्हणाली, "नाही, पण मला वाटतं—"

"तू वाटून घेऊ नकोस," मी म्हटलं, "तू आमच्या मागे ये." उचलली जीभ लावली टाळ्याला. ती खाली उतरली आणि आमच्या मागून आली. निळं दार मिळालं. कागदात होतं तस्सं, कडीला घोड्याचं डोकं.

पाचव्या थांब्यावर पुन्हा तेच. "धर्मशाळेच्या उजव्या खांद्याला लागून बोळ आहे." आम्ही बोळात, ती पलीकडे कुणाच्या तरी परसात, वाळत घातलेल्या चादरींमध्ये. या वेळी मी हसले नाही. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. बारा वाजून गेले होते. मी तिला नाही, धाकटीला ऐकवलं, "बाई गं, तुझा कागद उत्तम आहे. ज्यांना डावं-उजवं कळतं त्यांच्यासाठी अगदी उत्तम." लेकी बोले सुने लागे. सूनबाईनं नुसतं पेन काढलं आणि कागदाच्या कडेला काहीतरी खरडलं.

मग ती मागे मागेच राहायला लागली. सातव्या थांब्यावर ती दिसत होती. आठव्याला तिचा लाल झोळा तेवढा दिसला. नववा थांबा जुनी टांकसाळ, तिथं ती नव्हतीच. थोरला म्हणाला, "येईल गं मागून." मला थांबायचं नव्हतं. माझ्या जिवाची घालमेल वेगळीच, कधी एकदा चौदावा थांबा येतोय आणि पोर त्या छापखान्याला होकार कळवतेय. उन्हात चढ चढून माझ्या गुडघ्यांनी मान टाकली होती. ह्यांना दम लागला होता. तरी मी म्हणत होते, चला, चला.

सव्वादोनला आम्ही माथ्यावरच्या बुरुजावर पोचलो. चौदावा थांबा! एकही वळण चुकलं नव्हतं. खाली सगळं शहर पसरलं होतं, आमच्या दुकानाचं पत्र्याचं छप्परसुद्धा दिसत होतं. धाकटीनं गप्प राहायचा नियम मोडला आणि माझ्या गळ्यात पडली. "आई, एकदाही चुकला नाहीत! एकदाही!"

"चुकू कशाला? तू लिहिलंयसच तसं."

तिनं फोन काढला. छापखान्याच्या माणसाचा नंबर लावणार, तेवढ्यात हे म्हणाले, "सूनबाई येऊ दे की. चौघांनी चालायचं ठरलं होतं."

मला राग आला. ह्यांचा नाही, तिचा. थोरल्यानं तिला फोन लावला. बोलणं ऐकत त्याचा चेहरा बदलत गेला. "ती म्हणतेय ती कागदाप्रमाणे नवव्या थांब्यावर आहे," तो म्हणाला. "समोर बंद गोदाम आहे. पुढे वाट नाही."

"कागदाप्रमाणे टांकसाळ आहे!" धाकटी म्हणाली.

"मी म्हटलं, वर ये. तर म्हणाली, नाही, तुम्हीच खाली या. आणि धाकटीला सांगा, मी सांगेपर्यंत काही कळवू नकोस."

आमच्या घरात दोन वर्षांत ही बाई इतक्या ठामपणे बोललेली मी ऐकली नव्हती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीच्या पोटावर पाय येतोय आणि हिला रुसायला आजचाच दिवस मिळाला? मी म्हटलं, "तुम्ही बसा इथंच. मी बघते घोडं कुठं पेंड खातंय ते." आणि गुडघ्यांना शिव्या देत एकटीच उतरले.

ती एका गोदामाच्या पायरीवर बसली होती. शटरवर गंज चढलेला, समोर तुटकी हातगाडी, आणि गल्ली तिथंच संपलेली. तिनं झोळ्यातून पाण्याची बाटली काढून पुढे केली. मी घेतली नाही.

"चल," मी म्हटलं. "तुझं डावं-उजवं आपण घरी गेल्यावर बघू."

"घरी नको आई, इथंच बघू." ती उठली. "दोन मिनिटं माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत या. मग तुम्हाला काय बोलायचं ते बोला."

कोपऱ्यावर घड्याळाचा मनोरा होता. आठवा थांबा. तिनं मला त्याच्या दारासमोर उभं केलं, बाहीचं माप घेताना मी गिऱ्हाइकाला उभं करते तसं, खांद्यांना धरून. मग वाचलं, "मनोऱ्याच्या डाव्या हाताने पुढे चला. आई, कुठे जायचं ते हात वर करून दाखवा."

मी दाखवलं. काय मूर्खपणा चाललाय, असं मनात म्हणत दाखवलं.

"आता तसाच ठेवा," ती म्हणाली. "हा कुठला हात आहे?"

मी माझ्या हाताकडे बघितलं. त्या हातात बांगड्या होत्या. घड्याळ मी डाव्या हातात घालते. वर केलेल्या हातात घड्याळ नव्हतं.

मी बारा वर्षांची असताना वडिलांच्या दुकानात एका कोटाची बाही चुकीच्या खांद्याला कापली होती. गिऱ्हाइकाचा डावा खांदा अर्धा इंच उतरलेला, आणि मी समोर उभी, माझ्या डाव्या बाजूचा खांदा खाली धरला. महागाचं कापड वाया गेलं. वडिलांनी मारलं नाही. मला समोर उभं करून तासभर एकच विचारत राहिले, डावा कुठला? डावा कुठला? माझं बोट त्यांच्या डाव्या हाताकडे आपोआप जायला लागेपर्यंत. "समोरच्याचा डावा तो डावा," ते म्हणाले. "आपला विसरायचा." मी विसरले. मुलांनाही तसंच शिकवलं. माणसाचं तेच कोटाचं, कोटाचं तेच कपाटाचं, कपाटाचं तेच घराचं. ज्याला तोंड आहे त्याला आपले डावे-उजवे हात आहेत. आणि आमच्या पोरीनं या टेकडीवरच्या प्रत्येक इमारतीला तोंड दिलं होतं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तरी मी मागे हटले नाही. हटणं माझ्या रक्तात नाही. "लोकांना कळेल की," मी म्हटलं. "आम्हाला कळलं ना? आम्ही एकदाही चुकलो नाही!"

"आई," ती शांतपणे म्हणाली, "पाच हजार लोक तुमच्या टेबलाखाली वाढलेले नाहीत."

वर केलेला हात अजून वरच होता, तो खाली घेतला.

"मॅडमना कसं नाही कळलं?" मी विचारलं.

"त्यांना वाटा पाठ असतील. त्यांनी घरांची वर्णनं वाचली असणार. दवाखान्यात आमचंही तेच होतं. क्ष-किरण विभाग कुठे आहे हे तिथल्या डॉक्टरला नीट सांगता येत नाही, कारण त्याला तो माहीत असतो. दिवसभर परकी माणसं माझ्या खिडकीवर वाट विचारतात आई. माझं कामच ते आहे."

तिनं कागद पुढे केला. कडेला पेनानं आकडे होते. तीन, पाच, सहा, आठ. चार ठिकाणी खुणा, आणि प्रत्येकीपुढे बदलायचे शब्द. "इथवर झालंय. नऊपासून चौदापर्यंत चालून बघायचं राहिलंय. पाऊण तासाचं काम आहे. किती वाजले?"

माझ्या डाव्या हातातल्या घड्याळात तीनला दहा कमी होते.

मी थोरल्याला फोन लावला. म्हटलं, "चूक आहे. आमची सगळ्यांची आहे, तिची एकटीची नाही. धाकटीला रडू देऊ नकोस, तिला खाली पाठव घड्याळाच्या मनोऱ्यापाशी." धाकटी आली ती पांढरीफटक. मी तिला मनोऱ्यासमोर उभं करून हात वर करायला लावलं. तिनंही उजवाच हात वर केला. मग हाताकडे बघितलं आणि मटकन पायरीवर बसली. "गेली," ती म्हणाली. "ही पण गेली."

"कुठं नाही गेली," सूनबाई म्हणाली. "ऊठ. तू लिही, मी चालते. आणि आई, तुम्ही कुणीच काही सांगायचं नाही."

मी! काही सांगायचं नाही! पण मी ओठ मिटले. ती पुढे, धाकटी तिच्या मागे पेन घेऊन, मी सगळ्यांत मागे लंगडत. सूनबाई प्रत्येक थांब्यावर जणू आजच या शहरात उतरल्यासारखी उभी राहायची, कागद वाचायची, आणि वाचलं तिकडेच निघायची. चुकली की परत यायची आणि म्हणायची, "इथं लिही, इमारतीकडे तोंड करून उभं राहिल्यावर तुमच्या उजवीकडे." किंवा, "इथं खांदा ठेव, छान आहे, पण पुढे सांग, दारासमोर उभं राहिल्यावर कुठल्या बाजूला." दहाव्या थांब्याला चूक निघाली, बाराव्याला निघाली, तेराव्याला निघाली. एका बोळात ती दोनदा जाऊन आली. मला ओरडावंसं वाटत होतं, अगं समोर दिसतंय की! माझ्या मुठीत टेप इतकी आवळली होती की बोटांवर वळ उठले. थोरला बुरुजावरून आम्हाला हातवारे करत होता आणि हे घड्याळ दाखवत होते, जसं काही आम्हाला माहीतच नव्हतं.

चाराला आठ मिनिटं असताना बुरुजाच्या कठड्यावर बसून धाकटीनं सातही दुरुस्त्या छापखान्याला पाठवल्या. मग मॅडमना फोन करून खरं काय ते सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं चालून बघितलंत. सोमवारी ये, पक्क्या नेमणुकीच्या कागदांवर सही करायची आहे." धाकटी रडली आणि मग हसली आणि मग वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. थोरला बिस्किटं शोधायला लागला. ती कुठल्या झोळ्यात आहेत हे त्याला कधीच माहीत नसतं, पण त्याला वेंधळा कुणी म्हणत नाही. हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

मी सूनबाईशेजारी जाऊन बसले. जीव अजून स्वस्थ नव्हता. पोरीचं झालं होतं, तरी आत काहीतरी टोचत होतं, कपड्यात राहिलेल्या टाचणीसारखं.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं. "आमचं हे उलटं."

"लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात. मिठाचा खण." ती हसली. "त्यानंतर मी घरात चुकले नाही आई. तुम्ही आठवून बघा."

मी आठवून बघितलं. चादर, मीठ, साखर. सगळे किस्से दोन वर्षांपूर्वीचे होते. मी तेच तेच सांगत होते.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, आधी या घरातलं डावं-उजवं शीक, मग आम्हाला शिकव."

म्हटलं असणार. मीच म्हटलं असणार, हे माझंच वाक्य. "पण मग आज?" मला राहवेना. "तुला आमचं माहीत होतं, तर त्या हौदापाशी तू उलटी का गेलीस? आम्ही सगळे हसलो तुला."

"आज परक्या माणसासारखं चालायचं होतं ना? धाकटीनं सकाळीच सांगितलं होतं." तिनं धाकटीच्या केसांतला पाला काढला. "तुमच्यापैकी कुणाला ते जमलं नसतं. मला सवय आहे."

ती हे टोचून बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरं कमी नाहीत. पण ती पाला काढता काढता, साधं, भाव सांगावा तसं बोलली. मला कुणी थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं. मला लाज वाटली, खरंच वाटली, आणि ती कुठे ठेवावी ते कळेना. माफी माग म्हणून मन सांगत होतं आणि जीभ, जी एरवी कधी थांबत नाही, ती टाळ्याला चिकटली होती. मी तिच्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि प्यायले. मघाशी घेतली नव्हती.

उतरताना ऊन कललं होतं. थोरला आणि धाकटी ह्यांना घेऊन पुढे गेले. मी तिचा दंड धरून उतरत होते. गुडघ्यांमुळे, असं मी तिला सांगितलं. हौदापाशी आलो तर समोर दोन बोळ, आणि सकाळी कुठून आलो तेच मला आठवेना. मघापासून डावं-उजवं सगळं डोक्यात कालवलं गेलं होतं. कागद माझ्या पर्समध्ये होता, पण मी तो काढला नाही.

"सूनबाई," मी म्हटलं, "आता कुठे?"

"डावीकडे, आई."

मी थांबले. चाळीस वर्षांत मी हे कुणाला विचारलं नव्हतं.

"कुणाच्या?"

"तुमच्या," ती म्हणाली.

मी घड्याळाचा हात वर करून नीट बघितला, आणि त्या बाजूला वळले.